अर्ज, बिल्ला आणि पेन्शन

१ जानेवारी जवळ आली की आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर कोरेगावच्या स्तंभाचे चित्र येते. मुले ते मोठ्या निष्ठेने काढतात. खाली कविता असते. तिच्यात तलवार असते, रक्त असते, पेशवाईचा अंत असतो. गेली नऊ वर्षे मी या भित्तिपत्रकाचे काम पाहतो आहे. एवढ्या वर्षांत एकाही कवितेत मला शिपायाचा पगार सापडला नाही, त्याची रजा सापडली नाही, त्याची पेन्शन सापडली नाही. हे वाक्य काहींना थट्टेचे वाटेल. मी ते गंभीरपणे लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपल्या लेखनाने सैन्याकडे पाहताना शौर्य पाहिले, रचना पाहिली नाही. सैन्य म्हणजे शूर माणसांचा जमाव नव्हे. कोणाला कोणत्या पलटणीत घ्यायचे, कोणाच्या हाताखाली कोणाला उभे करायचे, किती वर्षांनी घरी पाठवायचे आणि घरी गेल्यावर काय द्यायचे, हे ठरवणारी ती एक यंत्रणा आहे. हे सारे ठरवताना जातीचा हिशोब झाला आहे आणि तो आपल्याच अंगावर झाला आहे. मग आपली समीक्षा त्याच्याबद्दल गप्प का?

गैरसमज नको. कोरेगावच्या लढाईची आठवण खोटी आहे किंवा क्षुद्र आहे, असे मला म्हणायचे नाही. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखाली लढलेल्या मुंबई लष्कराच्या पलटणीत महार शिपाई होते. स्तंभावर ‘नाक’ या शेवटाची २२ नावे कोरलेली आहेत. ज्यांच्या बापजाद्यांची नावे गावच्या दप्तरात वेसकर म्हणून येत, त्यांची नावे दगडावर यावीत, ही लहान गोष्ट नव्हे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तेथे गेले ते उगीच नव्हे. पण बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. आपण थांबलो, ही माझी तक्रार आहे.

आपल्या आत्मकथनांची शीर्षके डोळ्यांसमोर आणा. ‘बलुतं’ (१९७८) आहे, ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) आहे. गावगाड्याने लादलेली कामे आपण नावानिशी साहित्यात आणली, त्यांचा अपमान उघडा केला. पण हवालदार, नाईक, पेन्शनर हे शब्द माझ्या पाहण्यातल्या एकाही शीर्षकात नाहीत. वास्तविक कोकणात आणि देशावर अनेक महारवाड्यांत लिहिता-वाचता येणारा पहिला माणूस लष्करातून परतलेला होता. गावगाड्याबाहेर पडण्याचा जो पहिला सरकारी दरवाजा आपल्या काही घरांना मिळाला तो छावणीचा होता. तो दरवाजा गाण्यात आला, भाषणात आला. गद्यात, म्हणजे जेथे हिशोब मांडावा लागतो तेथे, तो फारसा आला नाही.

आता त्या दरवाज्याची रचना पाहू. कंपनीच्या काळात मुंबई इलाख्याचे लष्कर बंगालच्या लष्करापेक्षा वेगळे होते. बंगालमध्ये उत्तरेकडील उच्चवर्णीयांची भरती होती आणि त्यांच्या सोवळ्याचे लाड होते. मुंबईच्या पलटणीत जाती मिसळलेल्या असत. एकाच रांगेत महार, मराठा, मुसलमान, परदेशी उभे राहत. बढतीही बंगालसारखी नुसत्या ज्येष्ठतेवर नसे, कर्तबगारीकडे पाहिले जाई. याचा अर्थ इंग्रजाला समतेचे प्रेम होते असा नव्हे. त्याला स्वस्तात टिकाऊ शिपाई हवा होता. पण त्यातून निघाले ते विलक्षण होते. गावच्या पाणवठ्यावर ज्याची सावली चालत नव्हती, तो सुभेदार झाला तर मराठ्याने त्याचा हुकूम मानायचा होता. पलटणीच्या शाळांत शिपायांची मुले-मुली शिकली. रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवत होते, आणि १८९१ साली महूच्या छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला, हे आपण जयंतीच्या दिवशी सांगतो. त्या घरात पुस्तके कोठून आली, हे मात्र सांगत नाही.

१८५७ च्या उठावानंतर नेमलेल्या आयोगाने शिफारस केली होती की देशी पलटणींत जाती आणि समाज सरमिसळ ठेवावेत. तीस-पस्तीस वर्षांत सरकार बरोबर उलट्या टोकाला गेले. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ पासून १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती होते. उत्तरेकडील काही जमाती जन्मतः लढवय्या आणि बाकीच्या नव्हेत, या मताचे ते मोठे पुरस्कर्ते. पलटणी जातवार लावायच्या असे ठरले की जातवार पलटणीत महाराला जागा नाही, हे आपोआप ठरते. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. बाप सुभेदार म्हणून पेन्शन घेतो आहे आणि मुलगा शिपाई म्हणूनही लायक नाही! एका रात्रीत रक्त बदलत नाही. बदलला होता तो कागद.

या बंदीतून आपल्या आधुनिक गद्याचा एक प्रकार जन्माला आला. त्याला साहित्यप्रकार म्हणावे असा माझा आग्रह आहे. तो म्हणजे अर्ज. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी लष्करी अधिकाऱ्यांकडे करण्यासाठी केलेला अर्ज आणि १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे गेलेला अर्ज हे त्याचे दोन ठळक नमुने. इतिहासकार त्यांतून माहिती घेतात. आपण त्यांची भाषा वाचली पाहिजे.

वलंगकर महाडजवळच्या रावढूळचे, पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार. जोतीरावांच्या विचाराचे. ‘विटाळ विध्वंसन’ (१८८८) लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधारालाच प्रश्न विचारणारे. १८९० च्या सुमारास त्यांनी दापोलीस काढलेल्या संस्थेचे नाव ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’. हा माणूस लष्कराकडे जाताना काय सांगतो? आम्ही मूळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात भलतेसलते खावे लागले म्हणून खाली ढकलले गेलो. संस्थेच्या पाटीवर ‘अनार्य’ आणि अर्जात ‘क्षत्रिय’! प्रस्थापित समीक्षक याला विसंगती म्हणून मोकळे होतील. आपल्यातले काही जण ती झाकून पुढे जातील. माझ्या मते या दोन शब्दांमधल्या अंतरातच त्या काळाची सगळी कोंडी आहे. पाटीवरचे नाव स्वतःच्या लोकांसाठी होते. अर्ज दरवाज्यावरच्या पहारेकऱ्यासाठी होता. पहारेकरी ‘वंश कोणता?’ असे विचारतो आहे, आणि ‘हा प्रश्नच चूक आहे’ असे उत्तर दिले तर अर्ज टोपलीत जाणार आहे. तेव्हा वलंगकरांनी पहारेकऱ्याच्या प्रश्नाला पहारेकऱ्याच्याच भाषेत उत्तर दिले. त्याची किंमत मात्र मोठी होती. आम्ही क्षत्रिय म्हणून आम्हाला घ्या, असे म्हटले की जो क्षत्रिय नाही त्याला घेऊ नका, हे न बोलता मान्य होते. शेजारच्या मांगवाड्याचे काय, हा प्रश्न या युक्तिवादात उरत नाही.

कांबळे यांचा काळ दीड दशकानंतरचा. पुण्याच्या मेसॉनिक हॉलमध्ये बटलरचे काम करणारा हा माणूस. १९०३ साली सासवडला सभा घेऊन त्यांनी १,५८८ महारांच्या सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे धाडला. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढले. वंशाचा शब्द येथेही नावात चिकटलेला आहेच. पण १९१० च्या अर्जात भर वंशावरून सरकतो आणि आपण इतर हिंदी प्रजाजनांपेक्षा मुळात हीन नाही, या विधानावर येतो. मागणी साधी आहे : सरकारी नोकरीच्या खालच्या जागा, पोलीस आणि लष्कर. राज्यनिष्ठेची भाषा भरपूर आहे आणि आजच्या तरुण वाचकाला ती टोचते. माझ्या वर्गात एका मुलीने विचारले होते, “सर, हे इतकं लाचारीनं का लिहिलंय?” मी तिला म्हटले, अर्जात ‘आपला आज्ञाधारक’ लिहावेच लागते, तूसुद्धा शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहितेस. मायना सोडून मजकूर वाच. मजकुरात ‘आम्ही पूर्वी कोण होतो’ यापेक्षा ‘आम्ही आज कोणापेक्षाही कमी नाही’ हे वाक्य जड झालेले आहे. सोळा वर्षांत आपले गद्य एवढे अंतर चालले.

आणि मग बाबासाहेब. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’मध्ये हिंदी सैन्याच्या घटनेवर एक प्रकरण आहे. ग्रंथाचा विषय वेगळा, त्यातला हेतू वेगळा, हे मला माहीत आहे. पण त्या प्रकरणातली पद्धत पाहा. कोणत्या प्रांताचे आणि कोणत्या समाजाचे किती सैनिक, ते प्रमाण १८५७ च्या आधी काय होते आणि नंतर कसे बदलत गेले, याचे तक्ते ते वाचकापुढे मांडतात. लढवय्या आणि बिगरलढवय्या ही विभागणी गुणांवर उभी नाही; उठावात कोणी इंग्रजांना साथ दिली आणि कोणी दिली नाही, यावर ती उभी राहिली, असे ते दाखवतात. येथे क्षत्रियत्वाचा दावा नाही आणि आर्जवही नाही. प्रश्न विचारणाऱ्याचा प्रश्नच उचलून त्याच्या पुढ्यात टाकला आहे. वलंगकरांना जे उत्तर देणे परवडत नव्हते ते येथे आकड्यांच्या भाषेत दिले गेले.

पुढच्याच वर्षी, १९४१ मध्ये, व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असलेले हेच बाबासाहेब महार पलटणीचा आग्रह धरतात आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला पहिली महार बटालियन उभी राहते. लढवय्या जातीची कल्पना खोटी म्हणायची आणि जातीच्या नावाची पलटण मागायची, हे कसे? मला यात काही लपवण्यासारखे वाटत नाही. वर्गवारी खोटी होती, पण तिच्यामागे ठेवलेली बंदूक खरी होती, पगार खरा होता आणि शाळेची फी खरी होती. वर्गवारी मोडेपर्यंत तीन पिढ्यांनी बाहेर उभे राहावे, असे सांगणारा माणूस बहुधा आत बसलेला असतो.

सरकारने या दरवाज्याचे काय केले ते तारखांवरून दिसते. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभारली. युद्ध संपले, १९२१ ला मोडली. हे फक्त आपल्याच बाबतीत झाले नाही. मजहबी आणि रामदासिया शिखांच्या पायोनियर पलटणी, एका हातात कुदळ आणि दुसऱ्या हातात बंदूक घेतलेल्या, १९३० च्या दशकाच्या आरंभी काटकसरीत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या समाजांची पलटण पुन्हा उभी राहिली, तीच आजची शीख लाइट इन्फन्ट्री. उत्तरेत चमार रेजिमेंट १९४३ साली उभी झाली, कोहिमाच्या लढाईचा मान तिला मिळाला, १९४६ साली ती मोडली. युद्ध आले की रक्त लढवय्ये होते आणि तह झाला की पुन्हा पाणी होते, असे हे शास्त्र!

महार रेजिमेंटच्या बिल्ल्याचीही गोष्ट अशीच वाचण्यासारखी आहे. पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ साली रेजिमेंट मशीनगनची झाली आणि बिल्ल्यावर मशीनगनची फुली आली; पुढे स्तंभ गेला. स्वतंत्र देशाच्या सैनिकाने इंग्रजांच्या विजयाचे चिन्ह टोपीवर का मिरवावे, हा प्रश्न समजण्यासारखा आहे. पण स्तंभाशी आपले नाते इंग्रजांच्या विजयाचे कधीच नव्हते, ‘नाक’ या दोन अक्षरांचे होते. ते सांगायला बिल्ल्यावर जागा नसते.

आता माझ्या घराकडे येतो, कारण या विषयातला माझा स्वार्थ तेथे आहे.

माझा आजा १९४३ साली भरती झाला. त्याच्याबरोबर त्याचा चुलतभाऊही झाला. दोघे एकाच दिवशी गावातून निघाले, एकाच वयाचे, दोघांनाही अक्षर येत नव्हते. युद्ध संपले आणि १९४६ साली माझ्या आज्याला घरी पाठवले. हातात कागद, एक लोखंडी ट्रंक, एक कांबळ. चुलतभाऊ राहिला. तो राहिला आणि हा सुटला यात कोणाच्या शौर्याचा काही संबंध नव्हता. माणसे कमी करायची होती, याचे नाव यादीत आले. चुलतभाऊ पेन्शन बसवूनच परत आला. गाव त्याला पेन्शनरबाबा म्हणे. महारकीची कामे त्याने सांगून सोडली, कारण महिन्याच्या महिन्याला येणारी रक्कम पाटलाच्या हातात नव्हती. त्याचा मुलगा सातवी होऊन पुढे मास्तर झाला, नातवंडांत एक इंजिनियर आहे. माझा आजा गावात येऊन पुन्हा गावाचाच झाला. माझा बाप बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होता, तेव्हा त्याचे वय तेरा. आमच्या घरात पहिला पदवीधर मी, २०१० साली. दोन घरांमध्ये एक पडवी आहे आणि दोन पिढ्यांचे अंतर आहे. आजी म्हणायची, “पल्टन झाली, पर पेन्शन काय आली न्हाई.” या वाक्यात मला लष्करी इतिहासाची जेवढी समज दिसते तेवढी अनेक ग्रंथांत दिसलेली नाही.

भित्तिपत्रकातल्या कवितेवर मी रागावतो तो यामुळे. त्या कवितेतला शूर पूर्वज माझा आजाही असू शकतो आणि पेन्शनरबाबाही. कवितेला त्यांतला फरक कळत नाही. पण माझ्या बापाचे आयुष्य त्या फरकाने ठरले.

माझे एक सहकारी, वयाने आणि मानाने मोठे, यावर मला म्हणाले की तुम्ही लोकांच्या हातातली एकमेव अभिमानाची वस्तू काढून घेता आहात आणि बदल्यात त्यांना हिशोबाची वही देता आहात. या आक्षेपात तथ्य आहे. अभिमानावाचून चळवळ उभी राहत नाही, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या अभिमानाला आपण ‘लढवय्ये’ असल्याचे प्रमाणपत्र लागते, तो रॉबर्ट्सच्याच दप्तरातला शिक्का मागतो आहे, हेही पाहावे लागेल. न लढलेल्या माणसाला माणुसकी कमी मिळावी काय?

स्वातंत्र्यानंतर काय झाले? १९४९ साली भरती सर्व वर्गांना खुली असे धोरण ठरले आणि ब्रिगेड ऑफ द गार्ड्ससारख्या सरमिसळ पलटणी निघाल्या. पण जुन्या पलटणींची नावे आणि पुष्कळ अंशी त्यांची जातवार घडण चालू राहिली. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाच्या भरतीची सूचना अलीकडेपर्यंत जाट, राजपूत आणि जाट शीख यांच्यापुरती निघत असे. हे प्रकरण न्यायालयातही गेले. महार रेजिमेंट मात्र नावापुरती जातीची राहिली, तिच्यात आज देशभरचे सर्व समाज आहेत. तिने देशाला कृष्णराव आणि सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. आपण ही गोष्ट अभिमानाने सांगतो. सांगताना एवढे ध्यानात ठेवावे की रेजिमेंटचे नाव जवानांवरून पडते, अधिकाऱ्यांवरून नव्हे. सेनादलांत अनुसूचित जातींना आरक्षण नाही.

आरक्षण नाही, पण जातीचा दाखला लागतो. पहाटे साडेचारला आमच्या महाविद्यालयासमोरच्या डांबरी रस्त्यावर जी मुले सोळाशे मीटरची तयारी करतात, त्यांच्यापैकी एकाने मला हे दाखवून दिले. “सर, राखीव जागा न्हाईत म्हणता, मग दाखला कशाला?” २०२२ च्या जुलैमध्ये याच दाखल्यावरून देशभर वाद झाला होता आणि ही पूर्वीपासूनचीच पद्धत आहे, असे उत्तर मिळाले होते. मरण आल्यास अंत्यविधी कोणत्या पद्धतीने करायचा यासाठी धर्माची नोंद लागते, असाही खुलासा तेव्हा वाचनात आला. मुलाला मी काय सांगणार? पूर्वीपासूनची पद्धत आहे, हे खरेच आहे.

१४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्यात भरती अखिल भारतीय आणि सर्ववर्गीय तत्त्वावर होईल, असे म्हटले आहे. म्हणजे वलंगकरांच्या अर्जानंतर सव्वाशे वर्षांनी कागदावर तरी वंशाचा प्रश्न विचारणे थांबवण्याची भाषा आली. पण त्याच कागदावर चार वर्षांची मुदत आहे. चौघांतला फार तर एक पुढे कायम व्हायचा. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये आणि निरोप. पेन्शन नाही. चार वर्षांनी परतणारा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा कोण? मला त्याच्यात लोखंडी ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरणारा माझा आजा दिसतो, ट्रंकेत थोडे जास्त पैसे असलेला. ही योजना सर्वच जातींच्या मुलांसाठी आहे, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या घरी दहा एकर बागायत आहे त्याचे चार वर्षांनंतरचे घर आणि ज्याच्या घरी काही नाही त्याचे घर ही दोन वेगळी घरे आहेत. त्यांच्यामध्येही एक पडवीच असते.

म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की वलंगकर आणि कांबळे यांचे अर्ज आपल्या मराठीच्या अभ्यासक्रमात यावेत. इतिहासाच्या पेपरात टिपा लिहायला नव्हे, मराठी गद्य म्हणून यावेत. आणि पेन्शनरबाबांच्या घरातले कागद गोळा व्हावेत. पेन्शनबुके, डिस्चार्जचे दाखले, मनिऑर्डरच्या पावत्या, पलटणीतून लिहून घेतलेली पत्रे. ती आज ट्रंकांत वाळवीला पडली आहेत. माझ्या आज्याचा कागद मी तीन वर्षांपूर्वी शोधला. चारित्र्याच्या रकान्यात चांगला शेरा आहे, सेवेच्या रकान्यात दोन वर्षे अकरा महिने आहेत, आणि जातीच्या रकान्यात कोणीतरी सुबक इंग्रजी अक्षरात आमची जात लिहिली आहे. पेन्शनचा रकाना आडव्या रेघेने खोडलेला आहे.

दाखल्याचे विचारणारा तो मुलगा गेल्या महिन्यात भरतीच्या मैदानावर धावून आला. निकाल यायचा आहे. यंदाच्या भित्तिपत्रकासाठी कविता नको, त्याऐवजी त्या मैदानावर रात्री कोण कोठे झोपले, कोणी काय खाल्ले, फॉर्मवर काय काय विचारले ते लिही, असे मी त्याला सांगितले आहे. तो म्हणाला, “सर, ते साहित्य होतंय व्हय?” मी म्हटले, लिहून आण, मग बघू.